१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला तोच फॉरवर्ड पाठवतं. नऊ एक गुणिले नऊ एक, खाली मोठ्या अक्षरात उत्तर आणि शेजारी हात जोडलेला इमोजी. आणि मागून प्रश्न येतात, तेही तेच तेच. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून आता बोटं दुखायला लागलीत, म्हणून एकदाच सगळं इथे टाकतोय. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे नंतर. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत लिहिलं नाहीये, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ही संख्या आहे तरी काय नक्की?

१११११११११ म्हणजे नऊ वेळा एक, त्याचा वर्ग. १७ आकडी, विषम. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच, म्हणजे पॅलिंड्रोम. वर्गमूळही पॅलिंड्रोमच आहे. अंकांची बेरीज ८१. नऊ फक्त एकदाच येतो, बरोबर मधोमध. दोन नऊ असलेली जी फिरते ती वेगळीच संख्या आहे, तिच्यासाठी प्र. १३ बघा.

२. वाचायची कशी? अब्जाच्या पुढे माझी गाडी अडते.

आधी आपल्या पद्धतीने स्वल्पविराम द्या: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. आता वाचा, बारा पद्म चौतीस नील छप्पन्न खर्व अठ्ठ्याहत्तर अब्ज अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस.

पण यात एक गोची आहे आणि त्यावरून लोक माझ्याशी भांडलेतही. वरच्या वाचनात खर्व म्हणजे शंभर अब्ज धरलाय, हिंदीतल्या खरबसारखा, दोन-दोन घरांच्या हिशोबाने. भास्कराचार्यांच्या लीलावतीत जी यादी आहे तिच्यात प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट असतं, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. तिथे खर्व म्हणजे दहाच अब्ज. त्या यादीने गेलात तर आपल्या संख्येतला सगळ्यात डावीकडचा एक बसतो 'मध्य' नावाच्या घरात, आणि खरोखर मध्यात असलेला नऊ बसतो अर्बुदात. दोन्ही बरोबर, फक्त एकाच वाचनात दोन्ही याद्या मिसळू नका.

पेपरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर साधारण १२,३४५ लाख कोटी.

३. म्हणजे किती मोठी? काहीतरी डोळ्यासमोर येईल असं सांगा.

इतके सेकंद मोजायचे म्हटले तर साधारण ३९ कोटी १२ लाख वर्षं लागतील. तेवढं मागे गेलात तर डायनासोरसुद्धा अजून जन्माला आलेले नसतात.

दुसरं, बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पहिल्या घरात एक दाणा, मग दोन, चार, आठ असं दुप्पट करत जायचं. आपल्या संख्येइतके दाणे घेऊन बसलात तर पहिली ५३ घरं पूर्ण भरतात, आणि चोपन्नावं घर तिसऱ्या हिश्शाच्या जरा पुढे गेलं की दाणे संपतात. पूर्ण पट भरायला याच्या सुमारे १,४९४ पट दाणे लागतील. हे चोपन्नावं घर लक्षात ठेवा, प्र. १७ मध्ये ते परत लागणार आहे.

४. हा चढता-उतरता पॅटर्न येतो कसा? खरंच काही जादू आहे का?

जादू नाही. शाळेत करायचो तो उभा गुणाकारच आहे, फक्त त्यात हातचा कुठेच येत नाही, एवढंच. नऊ ओळी इथे मावणार नाहीत म्हणून चार एकांचं दाखवतो:

```
   ११११
  ११११
 ११११
११११
-------
१२३४३२१
```

प्रत्येक ओळ ११११ च आहे, दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. सगळ्यात उजव्या रकान्यात एकच एक आहे, पुढच्यात दोन, मग तीन, मग चार, आणि तिथून ओळी संपत जातात म्हणून परत तीन, दोन, एक. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यात किती एक आलेत याची नुसती मोजणी.

नऊ एकांचंही हेच. मधल्या रकान्यात नऊ एक येतात, बेरीज ९, एका अंकात मावली, हातचा नाही. क्लासमधल्या एका मुलीला मी हे चौकटीच्या वहीत करायला लावलं होतं, प्रत्येक चौकटीत एक एक, आणि पाचव्या ओळीपर्यंत आल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, सर ही तर तिरकी झालेली विटांची भिंत आहे, मी नुसत्या विटा मोजतेय. यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

अंकांची बेरीज ८१ का येते तेही इथेच कळतं. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, म्हणजे ८१ विटा, हातचा नसल्यामुळे एकही हरवत नाही.

५. मग दहा एक घेतले तर? मोबाईलवर करून बघितलं, सगळं बिघडलं.

बिघडलं कारण हातचा आला. दहा एकांचा वर्ग आहे १२३४५६७९००९८७६५४३२१.

मधल्या रकान्यात बेरीज येते १०. शून्य लिहिला, हातचा एक. डावीकडच्या रकान्यात ९ होते, त्यात हातचा मिळवला, परत १०, परत शून्य, परत हातचा एक. त्याच्या डावीकडे ८ होते, ते झाले ९, आणि तिथे हातचा थांबला. म्हणून डाव्या उतारावर '७' नंतर थेट '९००' दिसतं, आणि उजवा उतार जसाच्या तसा. हातचा कायम डावीकडेच जातो ना, त्यामुळे उजव्या बाजूला त्याचा पत्ताच लागत नाही.

६. पुढे कधीतरी, पन्नास एक किंवा शंभर एक घेतल्यावर, परत पॅलिंड्रोम येत असेल ना?

नाही, कधीच नाही, आणि हे दोन मिनिटांत सिद्ध होतं. दहा किंवा जास्त एक घेतले की उत्तराचे शेवटचे नऊ अंक कायम ९८७६५४३२१, कारण तिथपर्यंत हातचा पोचतच नाही. आणि सुरुवात कायम १२३४५६७९ अशी (का ते प्र. १२ मध्ये). आता दोन्ही टोकांकडून आठवा अंक बघा. उजवीकडून आठवा ८, डावीकडून आठवा ९. जुळत नाही, विषय संपला. त्यामुळे नऊ एकांवाली आपली ही या घराण्यातली शेवटची आणि सगळ्यात मोठी.

७. ही मूळ संख्या आहे का? नसेल तर अवयव सांगा.

वर्ग आहे म्हटल्यावर मूळ असायचा प्रश्नच नाही. अवयव काढायला वर्गमूळ पकडा, १११११११११ चे तीन-तीनचे गठ्ठे करा, म्हणजे १११, १११, १११. म्हणजेच १११ × १००१००१. आता १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. हा ३३३६६७ मूळ आहे (हाताने तपासायचा असेल तर ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, एक रविवार जाईल). सगळं मिळून वर्गमूळ ३² × ३७ × ३३३६६७, आणि आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७².

मला स्वतःला याच्यापेक्षा हे जास्त आवडतं, १२३२१ × १००२००३००२००१. पहिला १११ चा वर्ग, दुसरा १००१००१ चा. म्हणजे छोटा डोंगर गुणिले लांब पसरलेला डोंगर, आणि उत्तर मोठा डोंगर. एकदा कागदावर करून बघाच, १२३२१, २४६४२, ३६९६३, २४६४२, १२३२१ तीन-तीन घरं सरकवून मांडायचे आणि बेरीज मारायची.

एकूण विभाजक ४५. तीन हा शून्य ते चार वेळा घेता येतो म्हणून ५ पर्याय, ३७ चे ३, ३३३६६७ चे ३, आणि ५ × ३ × ३ = ४५. विषम कसे आले असं विचारतात, तर विभाजक जोडीने येतात पण वर्गमूळाची जोडी वर्गमूळाशीच लागते, ते एकटं राहतं, त्यामुळे वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषमच.

८. ७, ११, १३ ने भाग जातो का?

नाही. ११११११ ला तिन्हींनी भाग जातो, त्यामुळे नऊ एकांमधून सहा बाजूला काढले की उरतात १११, आणि त्याला यातल्या एकानेही जात नाही. वर्गमूळाला जात नाही म्हणजे वर्गालाही नाही.

९. अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून ८१ ने भाग जातो, असं आमच्या ग्रुपमध्ये एकाने लिहिलंय. बरोबर आहे का?

उत्तर बरोबर, कारण चूक. परीक्षेत असं लिहिलंत तर अर्धे मार्क जातील.

अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच चालते, ८१ ला नाही. उदाहरण घ्या, १८९९९९९९९९, अंकांची बेरीज बरोबर ८१. नऊने भागा, येतात २११११११११, त्याच्या अंकांची बेरीज १०, म्हणजे परत नऊने भाग जात नाही. झालं, ८१ ने जात नाही.

आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो तो वेगळ्या कारणाने. १११११११११ ला ९ ने जातो (बेरीज ९), म्हणून त्याच्या वर्गाला ८१ ने जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे.

आता गंमत. ज्या संख्येला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात, आनंद देणारी, हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ठेवलंय. म्हणजे आपली संख्या हर्षद आहे. पण १, १२१, १२३२१ पासून आपल्या संख्येपर्यंतच्या नऊ जणींमध्ये हर्षद तीनच, १, १२३२१ आणि ही. १२१ ला ४ ने भाग जाईल का? नाही. बाकीच्या तुम्ही तपासा.

१०. हिला डेम्लो संख्या का म्हणतात? डेम्लो कोण होता?

डेम्लो माणूस नाही, स्टेशन आहे! दररोज आठ सत्तावन्नच्या फास्टला लटकणाऱ्या मित्राला हे सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली. तेव्हाच्या जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवरचं स्टेशन, आणि तिथे असताना कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास करायचं सुचलं म्हणून त्यांनी स्टेशनचंच नाव दिलं. त्यांच्या डेम्लो संख्यांचं कुटुंब मोठं आहे, त्यातल्या १, १२१, १२३२१ अशा एकांच्या वर्गांना 'वंडरफुल डेम्लो' म्हणतात. आपली संख्या त्या रांगेतली नववी.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. पीएचडी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. १९७५ साली गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला ते नीट कळले. १९८६ ला गेले. त्यांचा ६१७४, म्हणजे 'कापरेकर स्थिरांक', सगळ्यांना माहीत असतो, डोंबिवलीची ही मंडळी मात्र डोंबिवलीकरांनाही माहीत नसतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता पुढचा प्रश्न, म्हणजे हिचा शोध कापरेकरांनी लावला का? तर नाही, त्यांनी नाव दिलं आणि सगळ्या कुटुंबाचा पद्धतशीर अभ्यास केला. चढून उतरणाऱ्या संख्या त्याच्या हजारभर वर्षं आधीच आपल्याकडे नोंदल्या गेल्यात. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होते, त्यांच्या गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ आहे, एकापासून सहापर्यंत आणि मग क्रमाने कमी होणारी असं वर्णन करून. त्यांना असे गुणाकार गोळा करायची हौसच होती, माळेसारखे दिसणारे. हीच संख्या त्यांनी २७९९४६८१ × ४४१ अशी दिलीये. यातला ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ किती होतात ते करून बघा, खुर्चीवरून पडाल.

११. कापरेकरांचं नाव आलंच आहे तर, ही 'कापरेकर संख्या' पण आहे का?

इथे बरेच लोक घसरतात. कापरेकर संख्या म्हणजे जिचा वर्ग करून मधे कापला आणि दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते. जसं ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७.

मग १११११११११ चं बघू. वर्ग कापला, उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडे उरले १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९. नऊ एक यायला हवे होते, आले नऊ नऊ! त्यामुळे १११११११११ कापरेकर संख्या नाही. (९९९९९९९९९ मात्र आहे. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, कापून मिळवा.)

पण नऊ नऊ आले हा योगायोग नाही. आपली संख्या म्हणजे १२३४५६७९ × ९९९९९९९९९ सुद्धा आहे. एखाद्या संख्येला ९९९९९९९९९ ने भाग जात असेल तर तिचे नऊ-नऊ अंकांचे तुकडे करून मिळवले तरी त्या बेरजेला भाग जातो. अगदी ९ च्या कसोटीसारखंच, फक्त एका अंकाऐवजी नऊ अंकांचा गठ्ठा. आणि इथे बेरीज दुप्पट व्हायला जागाच नाही, त्यामुळे बरोबर ९९९९९९९९९ च येणार.

१२. १२३४५६७९ मध्ये आठ कुठे गेला? सगळीकडे हीच संख्या दिसते, आठ टायपिंगमध्ये राहिलाय का?

टायपो नाही. १२३४५६७९ × ९ = १११११११११ हे खरंच आहे, आणि म्हणून × १८ केलं की २२२२२२२२२, × ६३ केलं की ७७७७७७७७७. महावीराचार्यांच्या माळांमध्ये हाही आहे.

आठ हरवला नाहीये, तो नऊ झालाय. १ ला ८१ ने भागा, दशांशात येतं ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ आणि असंच पुढे. खरं तर तिथे ०, १, २, ३ असे सगळे आकडे ओळीने बसायला निघालेले असतात, प्रत्येकाला एक घर. नऊपर्यंत सगळे नीट बसतात. मग येतो १०, त्याला एका घरात बसता येत नाही, तो आपला एक शेजारच्या ९ ला देतो, ९ चे होतात १०, तो आपला एक ८ ला देतो, ८ चे होतात ९. ओळखीचं वाटतंय? प्र. ५ मधलाच हातचा आहे. दहा किंवा जास्त एकांच्या वर्गाची सुरुवातही याच भागाकारातून येते, म्हणून तिथे '७' नंतर '९'.

१३. माझ्याकडे १२३४५६७८९९८७६५४३२१ असं आलंय, दोन नऊ. ते पण वर्ग आहे म्हणे.

नाही. फॉरवर्ड करणाऱ्याने ढकलून दिलंय. दोन नऊवाली १८ आकडी आहे आणि ती आहे नऊ एक गुणिले दहा एक, १११११११११ × ११११११११११. भिंतीच्या प्रत्येक ओळीत एक वीट वाढवली की मधे दोन रकाने नवाचे होतात, हातचा तरीही येत नाही, म्हणून दिसायला तितकीच देखणी.

वर्ग का नाही? दहा एक म्हणजे नऊ एकांची दहापट अधिक एक, त्यामुळे दोघांना सामाईक अवयव नाही. गुणाकार वर्ग व्हायचा असेल तर दोघंही स्वतंत्रपणे वर्ग हवेत. आणि ११ ने संपणारी संख्या वर्ग असूच शकत नाही, तिला ४ ने भागल्यावर ३ उरतात, वर्गाला ४ ने भागल्यावर ० किंवा १ च उरतो.

१४. आणि १२३४५६७८९१०९८७६५४३२१? यात दहापर्यंत चढलोय.

ही अगदीच वेगळी. २० आकडी, आणि ही चक्क मूळ संख्या आहे. पण पॅलिंड्रोम नाही, नीट बघा, मधला '१०' उलटा वाचला की '०१' होतो. एक मूळ पण पॅलिंड्रोम नाही, दुसरी पॅलिंड्रोम पण ४५ विभाजकांची. दिसायला बहिणी, स्वभावाने काही संबंध नाही.

१५. २२२२२२२२२, ३३३३३३३३३ वगैरेंचे वर्ग काढायला हिचा उपयोग होतो का?

हो, नुसतं ४ ने, ९ ने गुणा. २२२२२२२२२ चा वर्ग ४९३८२७१५९५०६१७२८४, दिसायला काहीच खास नाही. पण ३३३३३३३३३ चा ११११११११०८८८८८८८८९, आणि ६६६६६६६६६ चा ४४४४४४४४३५५५५५५५५६. तीनाच्या पाढ्यातल्यांनाच अशी शिस्त येते, कारण गुणणाऱ्यात ९ असतो.

घनाचं मात्र विचारू नका. १११ चा घन १३६७६३१ पॅलिंड्रोम आहे, ११११ चा १३७१३३०६३१ नाही, आणि नऊ एकांचा घन आहे १३७१७४२१०८३६७६२६८९०२६०६३१. घनात रकान्यांच्या बेरजा १, ३, ६, १० अशा चढतात, चौथ्याच पायरीला हातचा.

१६. एक्सेलमध्ये टाकलं तर शेवटी २१ च्या जागी ०० येतंय. माझा लॅपटॉप खराब आहे का?

लॅपटॉप ठणठणीत आहे. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, पुढचे शून्य करतं. म्हणून १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. साध्या १२ आकडी कॅल्क्युलेटरवर तर संख्या मावतच नाही.

हे नुसतं गमतीचं नाहीये. आधीच्या एका नोकरीत मी १६ आकडी ग्राहक क्रमांकांची यादी एक्सेलमध्ये पेस्ट केली होती, सगळ्यांचा शेवटचा आकडा शून्य झाला आणि मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, तोपर्यंत यादी चार जणांना गेलेली होती, पुढचं सांगत नाही. असे लांब क्रमांक टाकायचे असतील तर सेल आधी टेक्स्ट करा किंवा आकड्याच्या आधी एक अपॉस्ट्रॉफी मारा. नंतर टेक्स्ट करून उपयोग नाही, गेलेले आकडे परत येत नाहीत.

१७. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये गुणाकार केला, शेवटी २० येतंय, २१ नाही. पायथॉन मात्र २१ देतो. खरं कोण?

पायथॉन. तो पूर्णांकांना लागेल तेवढी जागा देतो.

ब्राउझरचा कन्सोल जावास्क्रिप्ट चालवतो, आणि जावास्क्रिप्टची साधी संख्या ५३ बिटांपर्यंतचे (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारं एक घर) पूर्णांक नेमके ठेवते, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. हे म्हणजे प्र. ३ मधल्या चोपन्नाव्या घरातले दाणे. आपली संख्या त्याच्या पलीकडे जाते, तिला ५४ बिट लागतात, आणि त्या पट्ट्यात जावास्क्रिप्टकडे फक्त सम संख्या शिल्लक असतात, एक सोडून एक. आपली विषम, दोन समांच्या बरोबर मधे. अशा वेळी नियम ठरलेला आहे आणि त्या नियमाने ती खालच्या घरात पडते, १२३४५६७८९८७६५४३२०.

आता हे करून बघा. कन्सोलमध्ये १११११११११ × १११११११११ आणि १११११११११० नव्हे हं, ११११११११० × ११११११११२, आठ-आठ एक मोजून नका बसू, सरळ नऊ एकांतून एक वजा आणि एक मिळवून घ्या. दोन्ही उत्तरं समान आहेत का विचारा, तो हो म्हणेल. खरं तर दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा बरोबर एकने कमी असतं (वर्गातून एक वजा, शाळेतलं सूत्र). मुलांना बीजगणित आणि कॉम्प्युटरचा अविश्वास एकाच ओळीत शिकवायचा असेल तर याहून स्वस्त प्रयोग नाही. नेमकं उत्तर हवं असेल तर आकड्यांच्या शेवटी एन लावून बिगइंट वापरा.

१८. हे सगळं दहाच्या पायावर आहे म्हणून आहे का? दुसऱ्या पायात काय होतं?

शेवटचा आणि सगळ्यात चांगला प्रश्न. (पाया म्हणजे मोजताना किती वेगवेगळे अंक वापरतो ते, रोजच्या मोजणीत ० ते ९ असे दहा.) पॅटर्न कुठे मोडायचा हे हातचा ठरवतो, आणि हातचा कधी येणार हे पाया ठरवतो. त्यामुळे ज्या पायात मोजताय त्याच्याहून एक कमी इतके एक घेता येतात. आठच्या पायात सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१, त्याच्या पुढे मोडतो. सोळाच्या पायात पंधरा एकांपर्यंत चालतं, अंक नवाच्या पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ असे चढतात आणि मग उतरतात.

आपली १२३४५६७८९८७६५४३२१ ही अक्षरं दहापेक्षा मोठ्या कुठल्याही पायात लिहिली, बाराच्या म्हणा, वीसच्या म्हणा, तरी ती नऊ एकांचा वर्गच असते. किंमत बदलते, पण वर्ग असणं बदलत नाही. तसंच १२१ तीनच्या पायापासून पुढे सगळीकडे वर्ग.

दोनच्या पायात मात्र मजा सुरू व्हायच्या आधीच संपते. तिथे एकच एक चालतो. दोन एक घेतले, ११ × ११, की मधल्या रकान्यात दोन आले, हातचा आला, आणि उत्तर १००१. म्हणजे आपल्या भाषेत तीन त्रिक नऊ.